तोडावा की ठेवावा

त्र्यंबक खांबेटे यांच्या हातून उत्तर द्यायचं राहून गेलेलं पत्र एकच होतं, आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. निळं आंतर्देशीय, घडीवर विरलेलं, टेबलाच्या खालच्या खणात नऊ वर्षं पडून असलेलं. खण उघडायची त्यांना गरज पडत नसे. आंघोळीच्या वेळी, चहा गाळताना, पुस्तकाचं पान उलटताना मध्येच ते पत्र आपोआप सुरू होई.

"खांबेटे साहेबांना सावरपाड्याहून चांगुणा भोये हिचा नमस्कार. तुमचं भोपळ्याचं पुस्तक आमच्याकडे आहे. पहिल्या साली पुस्तकाप्रमाणे सगळं केलं, फक्त शेवटची सूचना पाळली नाही. सासू म्हणाली, पहिलं फळ हिरव्या देवाचं, त्याला विळा लावायचा नाही. ते वेलावरच पिकलं आणि तिथंच कुजलं. त्या साली पाड्यात भात चांगलं आलं. दुसऱ्या साली पुस्तकाप्रमाणे साल कडक व्हायच्या आत तोडला. त्या साली आमचं भात, शेजारची नागली, बांधावरच्या वालाच्या शेंगा, सगळं पोचट निघालं. दोरीची मापं मागे लिहिली आहेत. साहेब, पुढच्या साली काय करू? तोडावा की ठेवावा? एका शब्दात कळवलं तरी चालेल."

त्या एका शब्दासाठी खांबेट्यांनी अकरा मसुदे केले होते. प्रत्येकात कुठे ना कुठे 'बहुधा' होतं. एकात 'पुरेशा निरीक्षणांअभावी' होतं, ते वाचून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बाराव्या मसुद्याच्या आधी ते निवृत्त झाले, आणि मग इतके दिवस गेल्यावर आता काय तोंडाने लिहायचं, म्हणून राहिलं ते राहिलंच.

पुस्तक मात्र खोऱ्यातल्या घराघरांत पोचलं होतं. 'महाभोपळा : लागवडीच्या सोळा सूचना'. चोवीस पानं, पिवळं वेष्टन. पाऊस बेभरवशाचा झाला, रानभाज्या आटल्या, तेव्हा पठारावरच्या संशोधन केंद्राने हे वाण काढलं होतं. एका फळात अख्ख्या पाड्याची आठवडाभराची भाजी. सूचना साध्या होत्या. बी टोकदार बाजू खाली करून लावा. वेल पसरू लागला की प्रत्येक पेऱ्यावर माती ओढा, म्हणजे तिथेही मुळं फुटतील. पहिली दोन मादी फुलं खुडून टाका, तिसऱ्याला पहाटे हाताने पराग लावा आणि त्याचं तोंड दोऱ्याने बांधा. वेलावर एकच फळ ठेवा. बाकीची कितीही गोजिरवाणी दिसली तरी मनात माया धरू नका. फळाखाली वाळूचं अंथरूण घाला, वरून सावली धरा, उन्हाने साल लवकर कडक झाली तर फळाची वाढ खुंटते. पाणी रोज सारखं द्या, एकदम दिलंत तर फळ तडकेल. रोज सकाळी दोरीने घेर मोजा. पंधरावी सूचना होती : बी दुसऱ्याला देताना जुन्या वेलाखालची मूठभर माती सोबत द्या. सोळावी : दोरी वाढायची थांबली की दुसऱ्याच दिवशी फळ तोडा, कारण पिकू लागलं की वजन घटतं.

मातीची मूठ हा त्यांचा स्वतःचा शोध होता. तेवढ्या एका सूचनेचा त्यांना मनातल्या मनात अभिमान होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, केंद्राची जीप त्यांच्या दारात उभी राहिली. केंद्राच्या संचालक डॉ. शर्वरी टिपणीस स्वतः आल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्या खांबेट्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत.

"सर, चप्पल घाला. बोलू वाटेत."

"मी? अहो, मला आता काय कळतंय? नवीन मंडळी आहेत की."

"नवीन मंडळींनी तुमचंच पुस्तक वाचलंय. चला."

खांबेट्यांनी चप्पल घातली. मग पुन्हा आत गेले आणि खणातलं निळं पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवून आले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

केंद्राच्या काचघरात तो भोपळा होता. वाळूवर पसरलेला, एका बाजूला कललेला, फिक्या केशरी रंगाचा, माणसाच्या छातीइतका उंच. चार दिवसांनी त्याचं जाहीर वजन व्हायचं होतं. दोन हजार किलो पार होणार, असा सगळ्यांचा होरा होता. देठाभोवती प्रवाहमापक बसवला होता. देठातून दर तासाला किती साखर फळात जाते, तो आकडा मापकाच्या काचेवर उमटत होता.

"हा आकडा बघा," टिपणीस म्हणाल्या. "आणि आता वेल बघा. पानं किती?"

खांबेट्यांनी चष्मा सारखा केला. पानं मोजायची सवय गेली नव्हती. ओठ हलवत त्यांनी मोजली, मग उलट बाजूने पुन्हा मोजली.

"सांगा ना."

"एवढी साखर ही पानं करूच शकत नाहीत," ते हळूच म्हणाले. "निम्मीसुद्धा नाही. म्हणजे... मापक बिघडला नसेल तर."

"तीन मापक लावून पाहिले. तिन्ही तेच सांगतात. आता खालची बातमी ऐका. खोऱ्यातलं लवकर येणारं हळवं भात गेलं, सगळं पोचट. उशिराच्या गरव्याचा दाणा आता भरायला हवा, तर तोही भरत नाहीये. रोग नाही, कीड नाही, पाणी भरपूर. झाडं हिरवीगार आहेत आणि कणसं रिकामी."

खांबेटे वाकून देठाजवळच्या मातीकडे बघत होते. पांढरे, केसासारखे धागे मुळांना वेढून होते.

"पान साखर करतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण ती कुणाला मिळणार, हे पान ठरवत नाही. जो ओढेल त्याला. फळाची ओढ मुळापेक्षा जास्त, मोठ्या फळाची लहानापेक्षा जास्त. म्हणून तर आपण एकच फळ ठेवतो. दुसरी खुडली नाहीत तरी मोठं फळ त्यांना उपाशी मारतंच, आपण फक्त घाई करतो. आणि ही बुरशी एका झाडाचं मूळ दुसऱ्या झाडाला जोडते. बुरशीजाल. थोडीबहुत साखर इकडची तिकडे पूर्वीपासूनच जाते. पण ओढणारा एवढा मोठा असेल आणि जाळं एवढं पसरलेलं असेल, तर..."

"तर सगळं खोरं हा एकच वेल झाला," टिपणिसांनी वाक्य पुरं केलं. "आणि त्यावर हे एक फळ. बाकीची आपण खुडून टाकलेली. पण जाळं पसरलं कसं, सर? बुरशी वर्षाला दोन हातसुद्धा सरकत नाही."

खांबेट्यांनी चिमूटभर माती उचलली. घराघरातून घराघराकडे, लग्नात, सणाला, माहेरी जाताना, बियांच्या पुडीबरोबर दिलेली मातीची मूठ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. दहा-अकरा वर्षं. प्रत्येक पाडा. पंधरावी सूचना.

"मी विचारतेय."

"मीच नेली," ते म्हणाले.

टिपणिसांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बरं. ते नंतर. आत्ता हा कापायचा. वजनाचा समारंभ गेला खड्ड्यात. जिल्हा कार्यालयाचं पत्रही तयार आहे : खोऱ्यातले सगळे भोपळे तोडा. शिक्का मारून प्रत्येक पाड्याला आजच पोस्टाने जाईल. फळ नाही तर ओढ नाही. बरोबर?"

खांबेट्यांचा हात खिशाकडे गेला. पहिल्या साली ठेवला, भात आलं. दुसऱ्या साली तोडला, पोचट निघालं. पण ती एका घराची दोन वर्षं. एका बाईची दोरी. योगायोगही असू शकतो, पाऊस वेगळा असेल, बियाणं वेगळं असेल.

"मला वाटतं... म्हणजे, कदाचित जरा थांबून..."

"कदाचित नको हो, सर! तासातासाला दाणा मरतोय खाली. हो की नाही, एवढं सांगा."

"तोडायला..." खांबेट्यांचा हात खिशावरून खाली आला. "तोडायला हरकत नसावी."

दोन माणसांनी करवतीने देठ कापला. देठातून पाणी टिपटिपलं. काचेवरचा आकडा शून्यावर आला आणि कुणीतरी टाळी वाजवली.

खांबेटे मात्र कुंपणापाशी गेले. तिथे जमिनीत पुरलेला दुसरा मापक होता, बुरशीजालातला प्रवाह मोजणारा. तो थांबला नव्हता. दुपारभर त्याचा काटा डगमगत राहिला, आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळी सावकाश उलटा फिरला. साखर आता पठारावरून खाली चालली होती.

बुधवारी सकाळी त्यांनी निळं पत्र टिपणिसांच्या टेबलावर ठेवलं. टिपणिसांनी ते एकदा वाचलं, उलटं करून मागची मापं वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे कधीचं?"

"नऊ वर्षांचं."

"आणि हे काल तुमच्या खिशात होतं?"

खांबेटे मान खाली घालून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा दिसत होता. टिपणिसांचा राग ओठापर्यंत आला आणि तिथेच थिजला.

"बसा सर. मला समजावून सांगा. आता कदाचित म्हटलंत तरी चालेल."

ते बसले. बोलताना त्यांची नजर टेबलावरच होती. "फळ पिकलं की देठातल्या रसवाहिन्या बंद होतात. तेव्हा ते मुळाकडे एक संकेतरस सोडतं. त्याचा अर्थ एवढाच की पुरे, आता नको. मग वेलाची ओढ संपते. हे आपल्याला माहीत होतं. पण आपण एकही फळ कधी पिकू दिलं नाही. सोळावी सूचना. वजन घटायच्या आत तोडा. म्हणजे दर वर्षी आपण वेलाला भूक लावतो आणि पुरे म्हणायच्या आत त्याचं तोंड कापतो. मग भूक तशीच उरते. ती दुसऱ्या मोठ्या फळाकडे जाते. ते तोडलं की तिसऱ्याकडे. फळंच उरली नाहीत तर साखर बुरशीच्या पोटात जाईल, आणि बुरशी कधी पिकत नाही."

"म्हणजे सगळे भोपळे तोडले, तर..."

"तर ओढ कधीच थांबणार नाही. यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. एक तरी फळ वेलावर पिकलं पाहिजे. कुणीही हात न लावता."

टिपणिसांनी फोन उचलला. जिल्हा कार्यालयात त्या पाऊण तास बोलत होत्या. शेवटी त्यांनी फोन आदळला. "समितीची बैठक सोमवारी. तोवर आदेश मागे घेता येत नाही म्हणतात. पत्रं पाड्यांवर पोचलीसुद्धा. तोडणी शनिवारी." मग त्यांनी नकाशा पुढे ओढला. "प्रवाह कुठे चाललाय ते बघू या. खोऱ्यातलं आता सगळ्यात मोठं फळ कुठे आहे ते."

बुरशीजालात ठिकठिकाणी मापक खुपसत, जीप थांबवत, ते गुरुवारी दुपारी जिथे पोचले, त्या पाड्याचं नाव वाचून खांबेट्यांना गाडीतून उतरवेना.

सावरपाड्यात वीस घरं होती आणि त्यातल्या बाराला कुलूप होतं. माणसं वेळेआधीच वीटभट्टीवर गेली होती. शेवटच्या घराच्या परसात, फाटक्या लुगड्यांच्या सावलीखाली भोपळा होता. केंद्रातल्याइतका मोठा नव्हता, पण काल-परवापासून इतका झपाट्याने फुगला होता की कुडाचं कुंपण बाजूला लवंडलं होतं. त्याच्याजवळ पाटावर एक बाई बसली होती. साठीची असेल. काटकुळी, ताठ. मांडीवर गाठी मारलेली दोरी, आणि दोरीशेजारी कोयता.

"कापायला आलात?" तिने बसल्या जागेवरूनच विचारलं. "शनिवार सांगितलाय. आज गुरुवार."

"नाही हो," टिपणीस म्हणाल्या. "हे खांबेटे सर. पुस्तक यांचंच."

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पुस्तक लिहिणारे एवढे बारीक असतात होय!" मग दोरी बोटाभोवती गुंडाळत, "उत्तर आणलंत?"

खांबेट्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तुम्हाला आठवतं?"

"मला काय आठवायचंय? मी वाट बघत होते. पोष्टमन दिसला की विचारायचे. दोन वर्षांनी तोच मला बघून रस्ता बदलायला लागला." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "पुढच्या साली मी लावला नाही. पण बाकीच्यांनी लावला, पुस्तकाप्रमाणे. पाऊस जेव्हा कमी पडायचा तेव्हा भात पोचट निघायचं आणि खायला तोडलेला भोपळाच उरायचा. एका साली पाड्यातली तीन पोरं गेली. एक माझी नात."

वेलावर एक भुंगा घोंघावत होता.

"यंदा का लावलात?" टिपणिसांनी विचारलं.

"देवाला ठेवायला. म्हटलं एक तरी ठेवू. उपाशी माणसासमोर एवढं मोठं फळ ठेवायचं म्हणजे सोपं आहे का? शेजारचा काळू खरपडे म्हणतो, म्हातारी चळली. माझा मुलगाही तेच म्हणतो. तो भट्टीवर गेला बायकोला घेऊन."

खांबेटे तिच्यासमोर मातीतच बसले. गुडघे कुरकुरले. "चांगुणाबाई, ठेवा. तोडू नका. दहा दिवसांत पिकेल. पिकला की गरव्या भाताचा दाणा भरायला लागेल. सगळ्यांचा नाही, पण ज्यांचं उशिरा निसवलं, कणसं उशिरा आली, त्यांचा भरेल. त्यानंतरही फळ खायचं नाही, तिथेच कुजू द्यायचं. नाहीतर बी आणि माती पुन्हा पसरेल." ते थांबले. "हे मी तुम्हाला नऊ वर्षांपूर्वी कळवायला हवं होतं. मला खात्री नव्हती."

"खात्री?" बाईने दोरी बाजूला ठेवली. "साहेब, तोडायचा नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. दोन साली डोळ्यांनी पाहिलं होतं."

"मग विचारलंत कशाला?"

"मी सांगून कोण ऐकणार? बाई बोलते म्हणतात. पुस्तक छापलेलं, त्यात तोडा लिहिलेलं. पुस्तकवाल्याचं पत्र आलं असतं, शिक्क्याचं, तर पाड्याला वाचून दाखवलं असतं. मला तुमची अक्कल नको होती, साहेब. सही हवी होती."

टिपणीस दुसरीकडे बघू लागल्या. खांबेट्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. अकरा मसुद्यांपैकी नऊंमध्ये त्यांनी 'तोडायला हरकत नसावी' असं लिहिलं होतं. ते टाकले नाहीत म्हणून बरं झालं, एवढंही समाधान त्यांना घेता येईना. कारण उरलेल्या दोनांत 'ठेवून पाहावा' असं होतं.

"मी आत्ता काळूला सांगतो," ते उठत म्हणाले. "सगळ्यांना सांगतो."

"तोंडी?" तिने भिंतीला खोचलेला कागद काढून पुढे केला. जिल्हा कार्यालयाचं पत्र होतं, खाली गोल जांभळा शिक्का. "हा कागद पोष्टाने आलाय. कापा म्हणून. शनिवारी आठ कोयते येतील, त्यांच्या हातात हा कागद असेल आणि पोटात काही नसेल. तुम्ही गाडीतून येऊन दोन शब्द बोलून गेलात, तर म्हणतील, म्हातारीनेच बोलावून आणला. मलाही उत्तर पोष्टानेच पाठवा. मी पोष्टाने विचारलं होतं."

"ते बरोबर आहे," टिपणीस म्हणाल्या. "पोस्ट घाटाच्या पायथ्याशी आहे. आज टाकलं तर उद्या येईल."

जीप उतरणीला लागली. खांबेट्यांनी मांडीवर वही घेऊन लिहायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत 'बहुधा' आलं. त्यांनी ते पान फाडलं. दुसऱ्या पानावर 'उपलब्ध माहितीनुसार' आलं. टिपणीस पुढे बघत होत्या. पान फाटल्याचा आवाज त्यांनी दोन्ही वेळा ऐकला आणि मान वळवली नाही. खांबेट्यांना खरोखरच शंभर टक्के माहीत नव्हतं. संकेतरस एवढ्या दूर पोचेल का, दहा दिवस लागतील की पंधरा, तोवर गरव्याचा दाणा तग धरेल का. चुकलं तर आठ घरांच्या तोंडचं शेवटचं अन्न त्यांच्या सहीने कुजलं असतं. आणि त्या सहीखाली दुसऱ्या कुणाचं नाव नसतं.

तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं :

"चांगुणाबाई भोये यांस नमस्कार. आपलं पत्र मिळालं. भोपळा ठेवावा. माझ्या पुस्तकातली पंधरावी आणि सोळावी सूचना चुकीची आहे. ज्यांच्याकडे पुस्तक असेल त्यांनी ती दोन पानं फाडून टाकावीत. बी राखू नये, माती कुणाला देऊ नये. कार्यालयाचा कागद माझ्या सांगण्यावरून निघाला, त्याचाही दोष माझाच. उत्तराला उशीर झाला. त्र्यंबक खांबेटे."

उशीर या शब्दापाशी त्यांचा हात थांबला होता, पण दुसरा शब्द सुचला नाही.

पोस्टाच्या खोलीत एकच माणूस होता. त्याने पाकिटावरचा पत्ता वाचला आणि खिडकीतून वर बोट दाखवलं. "सावरपाडा? तो काय, समोर दिसतोय. गाडी आहे ना तुमच्याकडे? हातीच द्या की."

"नाही," खांबेटे म्हणाले. "शिक्का मारा."

"अहो, पण..."

"नीट मारा. तारीख वाचता आली पाहिजे."

आवाज चढला होता, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. त्या माणसाने खांदे उडवले, शिक्का शाईच्या गादीवर दोनदा टेकवला आणि पाकिटावर आपटला. मग त्याने ते सावरपाड्याच्या थैलीत टाकलं. थैलीत दुसरं काहीच नव्हतं.